एका टाकीत, दारापर्यंत

४ फेब्रुवारी

धाकटीस,

सकाळी साडेसहाला उठलो. ताईच्या दुचाकीची टाकी रिकामी केली, फडक्याने कोरडी केली आणि काचेच्या मापाने गळ्यापर्यंत भरली. साडेपाच लिटर मावले. घरापासून कालव्याच्या दारापर्यंत आणि परत, अशा दोन फेऱ्या केल्या. अठ्ठावन्न किलोमीटर झाले. घरी येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरली, तेव्हा बरोबर एक लिटर लागले. वर तीन-चार थेंब. दुपारी जेवून झोपलो.

तुला हे का लिहितो आहे ते सांगतो. तुझ्या ताईला जाऊन आठ महिने झाले. गेल्या आठवड्यात तिची नर्सच्या फेऱ्यांची वही उघडली. ती कोणत्या घरी कोणाला तपासायला गेली, काय झाले, सगळे लिहिलेले आहे आणि काम पुरे झाले की पुढे हिरव्या शाईने बरोबरची खूण. सगळ्या नावांपुढे खूण आहे. एकाच ओळीपुढे नाही. "धाकटी, उजवा डोळा."

तुमची पैज मला आठवते. तुझ्या दारातच लागली होती. या गाडीवर आम्ही दोघे तिठ्यावरच्या पंपापासून तुझ्या दारापर्यंत एका टाकीत आलो, तर तू मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेशील आणि ताई तुझ्याजवळ राहून डोळ्यात थेंब घालेल. नाही आलो, तर ताई पुन्हा डोळ्याचे नाव काढणार नाही. नंतर तीच आजारी पडली आणि राहून गेले.

तिठा ते तुझे दार २८६ किलोमीटर आहे. मी ते पुरे करावे म्हणतो. आजच्या हिशेबाने टाकी ३१९ किलोमीटर जाते. तरी आणखी चाचण्या घ्यायच्या आहेत.

साडूभाऊंना नमस्कार.

तुझा भाऊजी

११ फेब्रुवारी

भाऊजींना नमस्कार,

पत्र वाचलं आणि आधी पोट धरून हसले, मग थोडी रडले, मग परत हसले. तुम्ही! गाडी चालवताय! अहो, ताईच्या मागे बसून तुम्ही प्रत्येक वळणाला डोळे मिटायचात. ती म्हणायची, "मागे बसलेत की पोतं ठेवलंय तेच कळत नाही, फक्त वळणावर पोतं खांदा आवळतं."

आणि ते माप बाहेर काढलंत तर! सदतीस वर्षं दुकानदारांची वजनं-मापं तपासून मन भरलं नाही, आता बिचाऱ्या गाडीच्या मागे लागलात. निवृत्त माणसाने झाडांना पाणी घालावं.

माझा डोळा ठणठणीत आहे. जरा धूसर दिसतं, ते ऊन फार असतं म्हणून. गेल्या महिन्यात नऊ झंपर आणि शाळेचे बत्तीस गणवेश शिवलेत, कुणाचं एक बटण वाकडं गेलेलं नाही. तेव्हा त्या शिवणयंत्रावर बसून इकडे यायची गरज नाही. हो, शिवणयंत्रच. आवाज अगदी माझ्या मशीनसारखा येतो, फक्त मशीन पुढे सरकत नाही एवढाच फरक.

यायचं तर बसने या. खुशाल महिनाभर राहा. पण डोळ्याचं नाव काढायचं नाही. पैज ताईशी होती.

तुमची धाकटी

(साडूभाऊ, पाकीट टाकायला मला दिलं म्हणून हे तिच्या नकळत लिहितो. सुई आता मी ओवतो. दिवसाला तीस-चाळीस वेळा. बटणंही मीच लावली. डॉक्टर म्हणतात, पावसाळ्याच्या आत झालं तर बरं. तिला भीती वाटते, पण तसं म्हणणार नाही. तुम्ही याच.)

१७ फेब्रुवारी

धाकटीस,

पत्र मिळाले. साडूभाऊंनाही नमस्कार सांग.

काल दुसरी चाचणी घेतली. तोच रस्ता, तीच वेळ, ताशी चाळीसचा वेग. फरक इतकाच, की पहिल्या वेळी मी एकटा होतो आणि काल मागे चौपन्न किलो होते. एक लिटर एकशे अठ्ठेचाळीस मिलीलिटर लागले. म्हणजे लिटरला साडेपन्नास. टाकी २७७ किलोमीटर जाईल. नऊ किलोमीटर कमी पडतात.

एकट्याने येऊन पैज जिंकल्याचे मी म्हणणार नाही. ती दोघांची होती. दोघांच्या वजनानेच यायला हवे.

चढावर गाडी जरा कुरकुरली. पण उतारावर आणि वळणावर बसायला बरे वाटले. मागे कोणी नसले की गाडी उगाच उडते. सवय नाही.

तू बसचे म्हणालीस. बसची टाकी मला मोजू देणार नाहीत.

तुझा भाऊजी

२३ फेब्रुवारी

भाऊजी,

मला आडून बोलता येत नाही, म्हणून सरळ विचारते. हे चौपन्न किलो कोण?

मागे कुणी असलं की बरं वाटतं म्हणता, सवय नाही म्हणता. काल आमच्या ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "असेल कुणी ओळखीचं." ओळखीचं! आठ महिने झालेत फक्त! मी दिवसभर मशीनवर बसले नाही. रात्री विचार केला, की माणूस एकटा आहे, साधा आहे, स्वयंपाक येत नाही, कुणी सोबतीला मिळालं असेल तर आपण कोण बोलणारे? ताईने स्वतःच म्हटलं असतं, "बरं झालं." सकाळी उठून परत राग आला. मग परत गेला. आता हे लिहिताना अर्धा अर्धा आहे.

पण भाऊजी, ताईच्या पैजेला तिच्या जागेवर दुसरं कुणी बसवून आणणार असाल, तर दाराला कुलूप असेल. एवढं बजावून ठेवते.

वजन मात्र ताईइतकंच निवडलंत. तपासूनच घेतलं असेल म्हणा, सवयीप्रमाणे.

आणि मागच्या पत्राचं पाकीट दोनदा चिकटवलेलं होतं, असं मला वाटतंय. आमचे हे टाकून आले तेव्हा बोटांना डिंक होता. त्यांनी आत काही लिहिलं असेल तर खरं मानू नका.

धाकटी

१ मार्च

धाकटीस,

मागे कोणी माणूस नाही. वजने आहेत.

मी निवृत्त झालो तेव्हा कचेरीने बाद झालेली लोखंडी वजने मोडीत काढली. मी काही घेतली होती. वीस-वीसची दोन ताईच्या औषधांच्या पेट्यांत, गाडीच्या दोन्ही बाजूंना. दहाचे एक आणि दोन-दोनची दोन मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. झिजल्यामुळे ती सगळी मिळून एकोणीस ग्रॅम कमी भरतात. तेवढे खिळे कागदाच्या पुडीत बांधून पेटीत टाकले आहेत. आता चौपन्न पुरे आहेत.

मी आधीच स्पष्ट लिहायला हवे होते. तुला दिवसभर मशीन बंद ठेवावे लागले याचे वाईट वाटले.

आता दुसरे. तुझ्या ११ फेब्रुवारीच्या पत्रातले अक्षर सरासरी चार मिलीमीटर उंच आहे. २३ फेब्रुवारीच्या पत्रातले साडेसहा. ओळ उजवीकडे जाईपर्यंत दीड सेंटीमीटर खाली उतरते. ताईकडची तुझी जुनी पत्रेही मोजली. त्यांत ओळ उतरत नाही. हे मी पट्टीने मोजले आहे, कोणी सांगितलेले नाही.

तिसरी चाचणी झाली. टायरमध्ये हवा नीट भरली, साखळीला तेल दिले, कार्बोरेटर साफ करून घेतला आणि वेग अडतीसवर ठेवला. एक लिटर एकशे पाच मिलीलिटर. लिटरला साडेबावन्न. टाकी २८८ किलोमीटर जाईल. दोन किलोमीटर हातात राहतात. गॅरेजवाला म्हणाला, "काका, यापेक्षा ढकलत न्या, लवकर पोचाल."

वाटेतला एकुलता पंप बंद पडला आहे असे कळले. म्हणजे वाटेत घ्यायचे म्हटले तरी मिळणार नाही. डब्यातून जादा पेट्रोल मी नेणार नाही. एका टाकीत म्हणजे एका टाकीत.

१५ मार्चला निघतो.

तुझा भाऊजी

७ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र घेऊन बराच वेळ बसून राहिले. मशीन परत एक दिवस बंद. आता गणवेशाला उशीर झाला तर मुख्याध्यापकांना तुमचा पत्ता देईन.

शेवटी शेवटी ताई एक्केचाळीसवर आली होती. मीच तिला काट्यावर उभं केलं होतं आणि आकडा पाहून तोंड फिरवलं होतं. तुम्हालाही तो आकडा पाठ असणार. पण तुम्ही चौपन्न घेतलेत. आजाराच्या आधीचे. मी चौपन्न वाचलं आणि नको तो संशय घेतला. मला माफ करा. कुलूप काढलं.

आता ऐका. ती वजनं घरी ठेवा. एकटे या. २८६ किलोमीटर, वाटेत पंप नाही, तुम्ही बासष्ट वर्षांचे, आणि मागे लोखंड! मी पैज जिंकले काय की हरले काय, पण तुम्ही उन्हात रस्त्यावर अडकलात तर ताईला काय तोंड दाखवू? एकट्याने आलात तरी पैज पुरी झाली असं मी मानेन. अगदी खरं सांगते.

अक्षराचं म्हणाल तर नवीन पेन जाड आहे.

धाकटी

१२ मार्च

धाकटीस,

तुझ्या शेवटच्या पत्रातले अक्षर सात मिलीमीटर आहे. पेनाच्या जाडीचा त्याशी संबंध नाही.

अटी त्याच. पंधराला दुपारी चारच्या सुमारास पोचेन.

तुझा भाऊजी

९ एप्रिल

धाकटीस,

सहा तारखेला संध्याकाळी घरी पोचलो. घर उघडले, खिडक्या उघडल्या, दूध आणले. दोन दिवस झाडलोट केली. आज लिहायला बसलो.

डोळ्यात थेंब घालणे चालू असेल. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ. साडूभाऊ घाईत दोन थेंब घालतात. एकच घालायचा आहे.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. तीन आठवडे तुझ्या घरी होतो तरी सांगितली नाही.

पंधरा मार्चला सकाळी सातला तिठ्यावर टाकी भरून निघालो. माळ लागल्यावर समोरून वारा सुरू झाला. चाचण्यांच्या वेळी कालव्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडे होती. वारा मी मोजलाच नव्हता. इतकी मापे घेतली आणि हे सुटले.

१९६ किलोमीटरवर तो बंद पंप आला. पंपवाला अजून तिथे खुर्ची टाकून बसतो. मी थांबलो तर म्हणाला, "पेट्रोल नाही. हवा आहे."

मी म्हणालो, "हवा समोरून भरपूर येते आहे."

त्याला ते आवडले. त्याने पाणी दिले. मी टाकीत खुणा केलेली लाकडी पट्टी बुडवून पाहिली. एक लिटर सहाशे उरले होते. जायचे नव्वद किलोमीटर. वजनांसकट ऐंशी झाले असते.

तो सीटकडे बघत होता. "हे काय, वजनं? दुकान टाकताय?"

"नाही. मेहुणीकडे चाललोय."

"मेहुणीकडे वजनं? लोक खाऊ नेतात."

मी सावलीत बसलो. अर्धा-पाऊण तास गेला असेल. वजने ठेवून गेलो तर पैज मोडते. घेऊन गेलो तर तुझ्या दारापासून दहा किलोमीटरवर गाडी बंद पडेल आणि डोळा राहील. दोन्ही बाजूंनी पाहिले. मग उठून पट्टा सोडला. आधी दोन-दोनची काढली, मग दहाचे, मग पेट्यांतली. खिळ्यांची पुडीही. पंपवाल्याने त्यांना भिंतीच्या सावलीत मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावले. म्हणाला, "परत न्याल ना? मला बसायला सोबत झाली तोवर."

क्लच सोडल्यावर गाडी दचकून पुढे गेली. मी मागे वळून पाहिले.

तुझ्या दारात पोचलो तेव्हा टाकीत पन्नास मिलीलिटर होते. तू ओट्यावर आलीस, गाडीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "हरले बाई मी." मी काही बोललो नाही. चार दिवसांनी तुझे ऑपरेशन झाले. मी तेव्हाही काही बोललो नाही. ज्याने तागडीचा काटा बोटाने दाबला, त्याच्या नावाने मी सदतीस वर्षे कागद लिहिले. गप्प बसणे हे त्यातलेच आहे.

मी पैज जिंकलो नव्हतो. ताईला वाटेत ठेवून आलो. तुला कळायला हवे म्हणून लिहिले. ऑपरेशन झाले ते आता परत होणार नाही, एवढेच मला बरे वाटते.

येताना वजने घेतली. पंपवाल्याने ती पुसून ठेवली होती.

वहीतल्या ओळीपुढे अजून खूण केलेली नाही. करावी की नाही ते ठरत नाही.

तुझा भाऊजी

१७ एप्रिल

भाऊजींना नमस्कार,

हे अक्षर मोजून घ्या. मी मुद्दाम बारीक काढलेलं नाही, आपोआप येतंय. आज सकाळी सुई मी स्वतः ओवली. पहिल्या फटक्यात. आमचे हे टाळ्या वाजवायला लागले आणि मग म्हणाले, "म्हणजे माझी नोकरी गेली."

आता तुमच्या गुन्ह्याबद्दल. अहो भाऊजी, मला माहीत होतं!

दारात मी गाडीवर हात ठेवला तो काय लाडाने ठेवला असं वाटलं तुम्हाला? मी तपासत होते. तुम्ही मापं काढणार आणि मी विश्वास ठेवणार होय? डोळ्याला दिसत नव्हतं, बोटांना काय झालं होतं? मागची सीट मोकळी. पट्टा सैल लोंबतोय. पेटीवर टिचकी मारली तर टणकन आवाज. शिंपीण आहे मी, आत काही भरलंय की नाही ते मला न उसवता कळतं.

तोंडाशी आलं होतं, "भाऊजी, वजनं कुठायत?" बोलले असते तर तुम्ही तिथल्या तिथे गाडी वळवली असती, आणि मी सुटले असते. महिनाभर मी हेच तर करत होते, सुटका शोधत होते. फार भीती वाटत होती हो मला. ताई असती तर हात धरून बसली असती, आता कोण बसणार, असं वाटायचं. आणि दारात हा माणूस उभा. धुळीने भरलेला, ओठ फुटलेले, वाऱ्याने डोळे लाल. एकट्याने आलेला. मग मला सुटायचंच नव्हतं. म्हणून म्हटलं, हरले बाई मी. गप्प बसायचं पाप निम्मं माझ्या नावावर लिहा.

आणि ताईला वाटेत ठेवून आलात म्हणता? ताई गाडीवर असती आणि त्या पंपावर पेट्रोल कमी आहे असं कळलं असतं, तर तिने काय केलं असतं, नीट आठवून सांगा. तिने तुम्हाला उतरवलं असतं! म्हणाली असती, "तुम्ही बसा इथे सावलीत पंपवाल्याशी गप्पा मारत, मी धाकटीचा डोळा उरकून येते." आणि तुम्ही बसला असतात. निमूटपणे. तीन आठवडे. कुणीतरी एकाने उतरायचंच होतं, भाऊजी.

खूण करा. हिरव्या शाईनेच.

येताना दोन-दोनची ती दोन वजनं घेऊन या. कापड बेतताना कडा हलते, तिच्यावर ठेवायला लागतात. इस्त्री ठेवून ठेवून कंटाळले.

आणि हो, डॉक्टर म्हणतात, डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू हळूहळू येतोय. पुन्हा पैज. या वेळी एकट्याने, आणि वाऱ्याचा हिशेब धरून. मी जिंकणार आहे.

तुमची धाकटी

२४ एप्रिल

धाकटीस,

अक्षर साडेतीन मिलीमीटर. ओळ सरळ आहे.

तू ताईबद्दल लिहिलेस ते दोनदा वाचले. बरोबर आहे. मी बसलो असतो.

आज सकाळी वजने लाकडी खोक्यात ठेवली. प्रत्येकाला आपापला खळगा आहे. दोन-दोनची दोन बाहेर ठेवली आहेत, तुझ्यासाठी. खिळे खिळ्यांच्या डब्यात टाकले. खोक्यात आता पन्नास आहेत, वजा काही ग्रॅम. ते आता भरून काढायचे नाहीत.

ताईच्या टेबलाच्या खणात हिरवे पेन सापडले. शाई वाळली होती. गरम पाण्यात निब धरल्यावर चालू झाले. खूण केली. जरा जाड आली.

मग कालव्यापर्यंत दोन फेऱ्या केल्या. पेट्याही काढून ठेवल्या होत्या. समोरून थोडा वारा होता. वळणावर गाडी उडाली नाही. परत येऊन टाकी गळ्यापर्यंत भरली. एक लिटरला वीस मिलीलिटर कमी लागले. ते चाचण्यांच्या वहीत लिहिले, झाकण लावले, टाकीवर सांडलेले दोन थेंब पुसले. काचेचे माप धुऊन खिडकीत उपडे ठेवले आहे. ते वाळले की हे पत्र टाकायला निघतो.

तुझा भाऊजी